धोंड्याच्या पंगतीत विचारलेला नंबर

आमच्या भावकीत लग्नाआधीची चौकशी हे एक स्वतंत्र खातं आहे आणि ते कित्येक वर्षं आमच्या ह्यांच्याकडे आहे. हे एसटीत कंडक्टर होते. जिल्ह्यातल्या अर्ध्या गावांत ह्यांच्या ओळखी, उरलेल्या अर्ध्यांत ओळखीच्यांच्या ओळखी. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की कुणीतरी घरी येऊन बसतं, चहा घेतं आणि म्हणतं, "तेवढं जरा बघून या." मग हे इस्त्रीचा पांढरा शर्ट काढतात, माझ्या फॉल-पिकोच्या दुकानाच्या गल्ल्यातून मला न विचारता प्रवासखर्च उचलतात आणि निघतात. शेवगावात माझं दुकान चालतं कसं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, निम्मं शिलाईवर आणि निम्मं ह्यांच्या समाजकार्यातून उरेल त्यावर.

ह्यांची पद्धत ठरलेली. मुलाच्या घरी आधी जायचंच नाही. आधी पिठाची गिरणी, मग दूध डेअरी, मग किराणा दुकान. घरात दळण कोण आणतं, डेअरीचा पगार कुणाच्या हातात जातो, दुकानात उधारी कशाची असते, हे सगळं चहाच्या कपावर काढून घ्यायचं. सगळ्यात शेवटी त्यांच्या गोठ्यावरून एक चक्कर. "मानूस खोटं बोलतो, जनावराची बरगडी बोलत न्हाई," असं हे म्हणतात. ह्यांच्या शब्दावर आजवर कितीतरी मुली दिल्या गेल्या आणि, ह्यांचं श्रेय ह्यांना द्यायलाच हवं, त्यातली एकही पस्तावून माघारी आलेली नाही.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. श्रीगोंद्याच्या बाजूला दिलेली, तिचे मालक साखर कारखान्यात नोकरीला. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला अकोले तालुक्याच्या डोंगरातलं, भातशेतीवाल्या घरचं स्थळ आलं तेव्हा हे तिकडे मुक्कामच ठोकून आले. जीप, पायवाट, भिजलेले बूट, सगळं वर्णन आम्ही ऐकलं. निकाल असा होता की मुलगा सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही, आईला दवाखान्यात न्यायला सुट्टी काढतो आणि नगरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये त्याच्यावर मालकाचा विश्वास आहे. लग्न झालं. मी इथंच सांगून टाकते की ह्यांचा तो निकाल तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. पुढे जे झालं त्यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर त्याला आमच्या घरात तो सापडणार नाही.

आक्काचे मालक गेले. कारखान्याचा फंड आणि बाकीची रक्कम आक्काच्या खात्यात आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या नावावर एवढे पैसे होते आणि तिला त्यांची भीती वाटायची. बँकेचं पासबुक ती देवघरात ठेवायची. त्याच सुमाराला जावयांनी शोरूम सोडलं आणि गुंतवणूक सल्लागार झाले. नगरमध्ये (नाव बदललं तरी आमच्या तोंडून नगरच निघतं) एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काचेचं दार, आत एसी, हातात गुळगुळीत कार्ड. कार्डावर मोठ्या शहरातल्या कंपनीचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक. आक्काने निम्मी रक्कम त्यांना दिली. चेक जावयांच्या नावावर, त्यांनी तो कंपनीकडे पुढे पाठवला. तेव्हापासून दर महिन्याला ठरलेली रक्कम आक्काच्या खात्यात पडायला लागली. मोबाईल वाजला की ती चष्मा लावून मेसेज वाचायची.

"ह्यांचा पगार परत सुरू झाल्यावानी वाटतं गं," ती मला एकदा म्हणाली.

आता आमच्या बचत गटाच्या बैठकीला एकदा बँकेतली एक बाई आली होती. बहुतेक पाहुणे येतात ते 'महिलांनी सक्षम व्हावं' म्हणून भाषण देतात आणि नाश्ता करून जातात. ही बाई मात्र खुर्चीवर बसली नाही, आमच्यात सतरंजीवर बसली. म्हणाली, पैसे कुठे गुंतवा हे फी घेऊन सांगणाऱ्याला सरकारकडे नोंदणी करावीच लागते. त्याचा नंबर मागायचा आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपण स्वतः टाकून बघायचा. नुसता नंबर आहे म्हणून खूश व्हायचं नाही, त्या नंबरापुढे नाव कुणाचं आहे ते बघायचं. फोन करायचा तो कार्डावरच्या नंबरावर नाही, त्या यादीत दिलेल्या नंबरावर. करार लेखी मागायचा. गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या स्वतःच्या खात्यात कधीच द्यायचे नाहीत. आणि दर महिन्याला इतके मिळतीलच असं जो छातीठोक सांगतो, तो नोंदणीवाला असला तरी नियम मोडतोय असं समजायचं.

"हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. हा तुमचा हक्क आहे," ती म्हणाली.

आमच्यातली एक उठून म्हणाली, "ताई, मी नवऱ्याला पगार विचारायला दोन पोरं होईपर्यंत थांबले. परक्याला कसं विचारू?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण लगेच आक्का आठवली. परक्याला विचारता येतं एक वेळ. जावयाला कसं विचारायचं?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"त्या पोराची चौकशी मी सोता केलीय."

"तुम्ही जावयाची केलीत," मी म्हटलं. "सल्लागाराची कुणी केली?"

"मानूस एकच हाय ना?"

"माणूस एक असला तरी काम दुसरं आहे. ट्रॅक्टर विकतो म्हणून विमान चालवायला द्याल का?"

हे रागावले. ह्यांचा राग असा की न बोलता दुप्पट जेवतात. त्या दिवशी मला माझ्यासाठी परत भाकरी थापावी लागली. पण मला तेव्हाच उमगलं की आम्ही सगळ्यांनी काय केलं होतं. लग्नासाठी केलेली चौकशी आम्ही पैशाला चालवली होती. मुलगा दारू पीत नाही, आईला जपतो, म्हणजे त्याची कंपनीही खरी. गिरणीवाल्याने दिलेल्या दाखल्यावर आक्काचा फंड गेला होता, आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मग अधिक महिना आला. आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात. पुरण भरलेले कणकेचे धोंडे, वर तूप, ताटात दिवा. जावई म्हणजे त्या दिवसापुरता साक्षात नारायण. आक्काने आम्हालाही बोलावलं आणि फोनवर खुशीत सांगितलं की राहिलेल्या रकमेची बँकेतली मुदत संपलीय, तोही चेक त्याच दिवशी जावईबापूंना देणार. "चांगला दिस हाय. वाणाबरोबर देईन."

म्हणजे त्या चेकनंतर आक्काकडे राहणार होतं दोन खोल्यांचं घर, मागची आंब्याची झाडं आणि मोबाईलवरचा मेसेज. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही विचारा. हे म्हणाले, मी न्हाई. मी म्हटलं, मग मी विचारते. हे म्हणाले, धोंड्याला? तुझं डोकं ठिकानावर हाय का? नारायणाकडे नोंदणी मागायची, हे ह्यांच्या बुद्धीत बसेना. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं.

माझं असं ठरलं होतं की जेवणं होऊ द्यायची, मग चहाच्या वेळी जावयांना ओसरीवर गाठायचं. पण आक्काने पाय धुतले, कुंकू लावलं, पाटापुढे ताट आणून ठेवलं आणि बघते तर काय, धोंड्यांच्या शेजारी दिवा आणि दिव्याजवळ विड्याच्या पानावर घडी केलेला चेक. जावयांनी नमस्कार केला आणि चेककडे हात नेला.

"जावईबापू," मी म्हटलं, "हात लावायच्या आधी तुमच्या कार्डावरचा नंबर तेवढा सांगता का?"

माझाच आवाज मला चमत्कारिक वाटला. आक्का पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. भाची लाल झाली. हे कौलांकडे बघायला लागले, जणू काही कौलं मोजायचं काम त्यांना कुणी दिलं होतं.

"अगं बाई, काय बोलतेस?" आक्का म्हणाली. "जेवाया बसलेल्या जावयाला असं विचारत्यात व्हय? तुला लाज कशी न्हाई वाटली?"

"वाटते, आक्का," मी म्हटलं. "लई वाटते. पण विचारते."

जावई मात्र रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं. ते हसले, खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "बघा की मामी. सगळं पक्कं हाय आपलं. मीच तर लोकांना सांगत असतो, बघून घ्या." मी मोबाईल काढला. संकेतस्थळ उघडायला वेळ लागला, आक्काच्या गावात रेंज नेहमीच आजारी असते. तोवर पुरण थंड होत होतं आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मग नंबर टाकला. आणि नोंद निघाली.

जावयांनी सुटकेचा श्वास सोडला. ह्यांनी कौलांवरून नजर खाली आणली, 'बघ' म्हणून. मीही क्षणभर सुखावले. मग त्या बाईचं बोलणं आठवलं आणि नाव वाचलं. नंबर खरा होता. त्याच्यापुढचं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, गावही दुसरंच.

"जुनं नाव आसंल कंपनीचं," जावई म्हणाले. पण आवाज थोडा खाली आला होता.

मी यादीतल्या फोनवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एका बाईंनी उचलला. मी कंपनीचं नाव सांगितलं, नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, "नंबर आमचाच आहे. पण त्या नावाशी आमचा काही संबंध नाही आणि तुमच्या भागात आमचं ऑफिसच नाही. हे आम्हाला याआधीही कळलंय, आम्ही कळवलंय वर." मग थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही पैसे दिलेत का हो?"

त्या परक्या बाईंच्या आवाजात जी माया होती ती ऐकून आक्काने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

जावयांनी कंपनीतल्या त्यांच्या साहेबांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. ताट तसंच होतं, ते लावत राहिले. मग फोन पाटाशेजारी ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामी, माझा शोरूमचा फंड बी त्यातच हाय. मी त्यांना कधी नंबर इचारलाच न्हाई. त्यांनी मला इचारला हुता, आधार कार्डाचा."

आक्का पुढे आली. तिने ताटातला चेक काढून कनवटीला लावला. मला वाटलं आता ही जावयाला काहीतरी बोलणार, आणि बोलली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. तिने तुपाची वाटी घेतली आणि जावयांच्या धोंड्यावर परत तूप वाढलं. "जेवा पाव्हणं," म्हणाली. "सनाचं ताट टाकून उठू न्हाई." त्यांनी खाल्लं. कसं खाल्लं ते त्यांचं त्यांना माहीत.

पुढच्या महिन्यात आक्काचा मोबाईल वाजला नाही. काचेच्या दाराला कुलूप लागलं. मी त्या सरकारी कार्यालयाच्या मदतीच्या फोनवर बोलले. तिथला माणूस सभ्य होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं. नोंदणी असलेल्या सल्लागाराने फसवलं तर त्यांच्याकडे तक्रार करता येते, ते त्याच्याकडून उत्तर मागतात, कारवाई करतात. जो त्यांच्या यादीतच नाही त्याच्यासाठी पोलिसांत जायचं, आणि लवकर जायचं. मला त्याचा राग आला नाही. गुंतवणूकदाराचे म्हणून जे हक्क त्या बाईने आम्हाला सांगितले होते ते सगळे खरे होते. फक्त ज्याच्यापुढे ते वापरायचे तो माणूसच जागेवर नव्हता.

आणि पोलिसांत जायला आक्का तयार होईना. कारण साधं होतं. चेक जावयांच्या नावावर होता. पैसे कुणाला दिले, असं विचारलं की तिला जावयांचं नाव सांगावं लागणार होतं.

"माझ्या पोरीला नांदायचंय तिथं," ती म्हणाली. "पैसं गेलं तर गेलं. जावयाला चौकीत उभं करून मी कुठं तोंड दावू?"

हे दोनदा समजवायला गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत आले. मी गेले तर माझ्याशी ती बोललीच नाही. धोंड्याच्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं तर राहिलेलेही गेले असते हे तिला कळत होतं, पण पंगतीत जावयाचा अपमान झाला होता आणि तो मी केला होता, हेही तितकंच खरं होतं. दोन्ही गोष्टी तिच्या मनात शेजारी शेजारी बसल्या होत्या. मला वाईट वाटायचं, आणि चीडही यायची. एवढी शहाणी बाई, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या कष्टाचा फंड लाजेपायी सोडून द्यायला निघालीय.

एक दिवस दुपारी जावई माझ्या दुकानात आले. दाढी वाढलेली, अंगाने निम्मे झालेले. गिऱ्हाइकांचं स्टूल ओढून फॉलच्या गठ्ठ्यांत बसले. शोरूमच्या मालकाने त्यांना परत घेतलं होतं, पण आधीच्यापेक्षा कमी पगारावर. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "मामी, आईंना सांगा, तक्रार द्या. मी संगं येतो."

"तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या. माझ्यामुळं अजून धा-पंधरा घरं त्यात हायेत. शोरूमवरचीच मानसं. त्यांनी बी माझं तोंड बघूनच दिलं. मी गप बसलो तर मी चोर."

आत हे जेवत होते. घास हातात धरून बाहेर आले आणि दारात उभे राहिले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी मी आमच्या मुलीच्या पाठवणीनंतर त्या दिवशीच पाहिलं. ह्या मुलाला निवडताना हे चुकले नव्हते, आणि त्याच्या चांगुलपणावर विसंबून आम्ही सगळे बुडलो होतो, या दोन्हींचा मेळ मला आजही नीट घालता येत नाही.

आम्ही तिघं आक्काकडे गेलो. जावयांनी तिच्या पायाशी बसून तेच सांगितलं. ती ऐकत राहिली. मग आत गेली, लुगडं बदलून आली आणि पायात चपला घातल्या.

पोलीस ठाण्यात लिहून घेणारा हवालदार वयस्कर होता. त्याने आक्काला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. तिचं नाव, गाव, मालक काय करायचे, रक्कम किती, सगळं सावकाश विचारत गेला. आक्का सावकाश सांगत गेली. मग त्याने विचारलं, "पैसे कोनाच्या हातात दिले, मावशी?"

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी मागे उभी होते, मला तिच्या मानेची शीर दिसत होती.

"माझ्या," जावई म्हणाले. "लिवा साहेब. माझ्या खात्यात दिले."

हवालदाराने वर बघितलं. "तुमी कोन ह्यांचे?"

जावयांनी आक्काकडे बघितलं. जावई म्हणायचं, तर त्याच शब्दावर तर पैसे दिले गेले होते.

"ल्योक हाय माझा," आक्का म्हणाली. "त्याचं बी गेल्यात. माझ्या नावाखाली त्याचं नाव लिवा."